राग वेगळा, त्रागा वेगळा

सातारा

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शेजारच्या मासी नातवाला ‘त्रागां करू नकोस’ म्हणून दटावत होत्या आणि तू जिन्यातच थबकलीस, असं तू लिहिलंस. हा तर आपल्या घरचा शब्द, तो बडोद्यात कसा, हा तुझा पहिला प्रश्न. आणि त्याला लागूनच, मध्ये पूर्णविरामसुद्धा न देता, दुसरा: बाबांचा स्वभाव माझ्यात उतरलाय का गं आत्या? पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे आणि ते सांगायला मला आवडेल. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असं एका शब्दात देता आलं असतं, पण तेवढ्याने तुझं समाधान होणार नाही. वकिलाची नात आहेस, पुरावा मागशील. म्हणून मोबाईल बाजूला ठेवून कागद घेतला.

रागावणाऱ्या माणसासाठी आपल्या भाषेत शब्दांचा तोटा नाही. तापट, संतापी, कोपिष्ट, चिडखोर, तिरसट, खाष्ट, तुसडा, खडूस. पण घरात भांडण झालं की आपण हे सगळे एकाच माणसावर एकदम ओततो, आणि तिथेच चुकतो. तापट माणूस तापतो आणि निवतो. तिरसट माणूस तापत नाही, त्याला ‘किती वाजले?’ विचारलं तर ‘भिंतीवर घड्याळ लटकवलंय ते कशाला?’ एवढंच म्हणतो. तुसड्याला माणसंच नको असतात. खाष्ट हे विशेषण तर आपण जवळजवळ सासूच्या नावावर करून टाकलंय, सासऱ्याला कुणी खाष्ट म्हटलेलं मी तरी फारसं ऐकलं नाही. चिडखोरातला ‘खोर’ फारसीतला, खाणारा या अर्थाचा. भांडखोर, चुगलखोर, लाचखोर, त्याच पंगतीतला हा चीड खाऊन जगणारा. तुझ्या आजोबांच्या ऑफिसातला जुना कारकून असाच होता. त्याला कुणाचा तरी राग आल्याशिवाय दुपारचा चहा पचत नसे.

आणि खुद्द ‘राग’. या शब्दाने तर केवढी कोलांटी मारली आहे! संस्कृतात रञ्ज् म्हणजे रंगणं. रंग, रंजन, रक्त, अनुराग ही सगळी त्याचीच लेकरं, आणि रागसुद्धा. राग म्हणजे रंग, लाली, आसक्ती, प्रेम. गवयाचा राग तोच, मनाला रंगवतो तो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचं वर्णन करताना राग, भय आणि क्रोध असे तीन विकार वेगवेगळे मोजले आहेत. मराठी मुलाला पहिल्यांदा वाचताना हमखास प्रश्न पडतो की राग आणि क्रोध दोनदा कशाला? तिथला राग म्हणजे ओढ. जैनांचा वीतराग म्हणजे ज्याची ओढ सुटली तो. ज्याने चिडणं सोडलं तो नव्हे. मराठीने, बंगालीने आणि ओडियाने मात्र त्या लालीतून डोळ्यांतली लाली तेवढी उचलली आणि राग म्हणजे क्रोध करून टाकला. हिंदी माणसाला आजही राग म्हटलं की आधी तंबोरा आठवतो.

याच्या नेमकं उलट रुसण्याचं झालं. संस्कृतात रुष् म्हणजे रागावणं, चांगलं दात-ओठ खाऊन रागावणं. रोष आणि रुष्ट त्यातलेच. प्राकृतात त्याचं ‘रूसइ’ झालं, आपल्याकडे येईतो ‘रुसणं’ झालं, आणि सगळा दाह निघून गेला. रुसवा फुगवा काय, रुसूबाई रुसू काय! म्हणजे प्रेमाचा शब्द आपण क्रोधाला दिला आणि क्रोधाचा शब्द लाडाला. या अदलाबदलीबद्दल मराठी माणसाचा मला थोडा अभिमानच वाटतो, कारण नवरा-बायकोचं भांडण जवळून पाहिलेल्या माणसालाच हे सुचू शकतं.

आता त्रागा. या शब्दाचं व्याकरण जरा बारकाईने बघ. राग येतो. ‘मला राग आला’ म्हणताना आपण जणू सांगतो की तो बाहेरून आला, माझा काही इलाज नव्हता. संताप होतो. पित्त खवळतं. टाळकं सणकतं. तळपायाची आग मस्तकाला जाते. या सगळ्यात माणूस नुसता जागा असतो, घडणारी गोष्ट त्याच्यावर घडते. त्रागा मात्र येत नाही. त्रागा करावा लागतो. नुसता करावाही लागत नाही, करून घ्यावा लागतो: ‘उगाच त्रागा करून घेऊ नकोस.’ त्या ‘घेऊ’मध्ये सगळं आलं. रागाचा रोख समोरच्याकडे असतो. त्राग्याचा रोख स्वतःकडे असतो आणि डोळा समोरच्याकडे. म्हणूनच त्याला विशेषण नाही. राग करणारा रागीट, ताप करणारा तापट, पण त्रागा करणाऱ्याला काय म्हणायचं? शब्द नाही, कारण तो स्वभाव नाही, ती कृती आहे.

तुझ्या बाबांची कृती तुला माहीत आहेच, पण मी सांगते ती तुझ्या जन्माआधीची. तुझी आई नवी नवरी होती. पौषातल्या एका संध्याकाळी ती हळदीकुंकवाला गेली आणि यायला उशीर झाला. दादा घरात आला. ओट्यावर सगळं झाकून ठेवलेलं होतं, भाकरी, वांग्याची भाजी, ताक. त्याने एकाही झाकणाला हात लावला नाही. तांब्याभर पाणी प्याला, गादीची वळकटी कोपऱ्यात तशीच ठेवली आणि उघड्या फरशीवर, पांघरूण न घेता, भिंतीकडे तोंड करून झोपला. दिवा मालवून. वहिनी आली तेव्हा मी बरोबर होते. ती म्हणाली, “अहो, जेवलात का?” उत्तर: “मला भूक नाही.” “बरं नाही का?” “मला काय धाड भरलीय?” “मग रागावलात का?” “मी कशाला रागावू? मी कोण रागावणारा?” मुक्ता, एका मिनिटात तीन वेळा त्याने सांगितलं की तो रागावलेला नाही, आणि सातारच्या थंडीत फरशीवर पडल्यापडल्या त्याचे दात वाजत होते. वहिनी रडायला लागली. तुझी आजी उठून आली, तिने शाल घातली, त्याने ती पायाने दूर सारली. शेवटी सगळ्यांनी मिळून पाया पडायचंच काय ते बाकी राहिलं होतं. मग रात्री उशिरा तो चार घास जेवला, आणि तेही उपकार केल्यासारखे.

याला मी राग म्हणणार नाही. रागावला असता तर ताट भिरकावलं असतं, दोन शब्द बोलला असता, निखारा विझला असता. जमदग्नी आणि दुर्वास हे आपले रागाचे दोन नमुने. त्यांना राग आला की समोरच्याचं वाटोळं. दुर्वासाने शाप दिला आणि निघाला पुढच्या आश्रमाकडे. तो शकुंतलेच्या दारात उपाशी बसला नाही.

उपाशी बसणारे वेगळे. आणि इथेच तुझं बडोदं येतं.

गुजरात, काठियावाड, कच्छ आणि राजस्थान या पट्ट्यात भाट आणि चारण असे दोन समाज. वंशावळ्या राखायच्या, कवनं करायची, राजाच्या आज्या-पणज्यांचे पराक्रम दरबारात म्हणायचे, हे त्यांचं काम आपल्याला ऐकून माहीत असतं. दुसरं काम कमी माहीत आहे: जामीन राहणं. दोन ठाकोरांचा तह, सावकाराचं कर्ज, गावाची खंडणी, व्यापाऱ्यांचा रानातून जाणारा तांडा, या सगळ्याला भाट किंवा चारण जामीन राहायचा. कागदावर सहीच्या जागी तो कट्यारीचं चित्र काढी. त्याच्याकडे ना फौज, ना पैसा. त्याच्याकडे होतं ते एवढंच, की त्याचं रक्त सांडणं हे महापाप समजलं जाई. चारण तर देवीपुत्र. मग ज्याने वचन मोडलं त्याच्या दारात जाऊन हा जामीन स्वतःवरच कट्यार चालवायचा. आधी दंडावर वार, त्या रक्ताचे शिंतोडे त्या दारावर. तेवढ्याने भागलं नाही तर स्वतःचा गळा. कधी कधी घरातली म्हातारी, कधी पोटचं पोर. पाप कुणाच्या माथी? ज्याने वचन मोडलं त्याच्या. याला म्हणत त्रागुं. तुझ्या मासींच्या तोंडात आहे तो तोच शब्द, आणि आपल्या घरातला त्रागा तोही तोच. तिकडे अजून जुन्या माणसांना त्यातली कट्यार आठवते. आपल्याकडे येईतो कट्यार गळाली आणि न जेवणं राहिलं.

हे सगळं मी मनाने सांगत नाही. अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स या इंग्रज अधिकाऱ्याने ‘रासमाला’ नावाचं गुजरातच्या इतिहासावरचं पुस्तक 1856 मध्ये छापलं, त्यात भाट-चारणांच्या त्राग्याची हकिकत आहे. युल आणि बर्नेल यांनी 1886 मध्ये ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला, त्यातही त्रागा स्वतंत्र नोंद मिळवून बसला आहे, धरण्याचं टोकाचं रूप म्हणून. सौराष्ट्र-कच्छमध्ये गावांच्या वेशीवर पाळिया असतात, आपल्याकडच्या वीरगळांसारखे दगड. त्यातल्या काहींवर स्वतःच्याच गळ्यावर कट्यार धरलेली आकृती कोरलेली असते. कधी कच्छला गेलीस तर वेशीपाशी थांबून पाहा.

आणि यात आपले मराठे नव्हते असं समजू नकोस. गायकवाडांची फौज काठियावाडात मुलूखगिरीला जायची, म्हणजे तलवार दाखवून खंडणी गोळा करायला. ती खंडणी भरण्याच्या हमीला भाट-चारणच उभे असत. बडोद्याचा रेसिडेंट कर्नल अलेक्झांडर वॉकर याने 1807 पासून काठियावाडच्या संस्थानिकांशी करार करून या रकमा ठरवून टाकल्या, तोपर्यंत हा खेळ चालू होता. त्याआधी, 1775 मध्ये, राघोबादादांनी नडियाद शहरावर दंड बसवला. फत्तेसिंग गायकवाडाची बाजू घेतली हा त्या शहराचा गुन्हा. दंडाची वाटणी करताना भाटांवरही हिस्सा टाकला. त्यांना अशा करातून परंपरेने माफी होती. त्यांनी पैसे दिले नाहीत, हत्यार उचललं, आणि ते आपल्याच माणसांवर चालवलं. पेशवाईतला एक चित्पावन ब्राह्मण वसुलीला बसलाय आणि समोर माणसं त्याच्या डोक्यावर पाप चढवण्यासाठी मरतायत! दंडाची वसुली तरीही झाली. राघोबादादांच्या डोक्यावर तोवर पुतण्याच्या खुनाचा बोभाटा होताच, आणखी थोडं पाप त्यांना जड झालं नसावं. तेवढ्या वेळी तरी कट्यार बोथट ठरली.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्रागा हे एकच शस्त्र असं आहे की त्याची धार ते चालवणाऱ्याच्या हातात नसते. ती समोरच्याच्या मनात असते. समोरच्याला पापाची भीती आहे, तोवर कट्यार. नाही, तर नुसताच आत्मघात. म्हणून तर कंपनी सरकार पाय रोवून बसल्यावर ही प्रथा खिळखिळी झाली. साहेबाला भाटाचं रक्त दारावर पडलं तर फक्त दार धुवावं लागणार होतं. त्याने उलट कायदाच केला. 1860 ची भारतीय दंड संहिता, कलम 508: दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून काही करवून घेणं हा गुन्हा. आणि खाली दोन उदाहरणं. एकात माणूस दुसऱ्याच्या दारात धरणं धरतो. दुसऱ्यात तो धमकी देतो की माझं ऐकलं नाहीस तर मी माझ्याच मुलाला मारीन, पाप तुझ्या माथी. कायद्याच्या कोरड्या पुस्तकात अख्खा त्रागा, नाव न घेता! हे कलम अजून जिवंत आहे बरं का. नव्या भारतीय न्याय संहितेत त्याचा क्रमांक 354 झाला, एवढंच. दादाला एकदा हे वाचून दाखवावं असं मनात आहे, पण मग तो महिनाभर जेवणार नाही.

बहुचराजीचं देऊळ तू पाहिलंस का? मेहसाणा जिल्ह्यात आहे, तुझ्यापासून फार लांब नाही. तिथलं आताचं देऊळ मानाजीराव गायकवाडांनी बांधलं असं सांगतात. तिथली कथा अशी की बहुचरा ही चारणाची मुलगी, तांड्याबरोबर चालली होती. वाटेत लुटारूने अडवलं. तिने त्रागा केला, स्वतःचे स्तन कापून टाकले आणि लुटारूला पुरुषत्व जाण्याचा शाप दिला. ती देवी झाली. देशभरातले तृतीयपंथी तिला आपली माता मानतात. गावातली साधी मुलगी, हातात काही नाही, समोर हत्यारबंद माणसं. ती काय करणार होती?

म्हणजे बघ, मूळचा त्रागा हा दुबळ्याचा, पण वचनावर उभा राहिलेला. कुणीतरी शब्द दिला होता आणि तो मोडला होता. कैकेयीसुद्धा दागिने फेकून कोपगृहात जमिनीवर पडली तेव्हा तिच्याकडे दशरथाने दिलेले दोन वर होते. तिने मागितलं ते वाईट, पण दावा खोटा नव्हता. जुन्या आयर्लंडमध्येही सावकार वजनदार ऋणकोच्या दारात उपाशी बसत, तिथला कायदाच तसा होता.

आणि गांधी. जन्म पोरबंदरचा, बालपण राजकोटचं, म्हणजे अगदी या पाळियांच्या मुलखातला माणूस. राजकोटच्या ठाकोरांनी सरदार पटेलांना राज्यकारभाराच्या सुधारणांबद्दल दिलेला शब्द मोडला, तेव्हा मार्च 1939 मध्ये गांधी तिथेच उपोषणाला बसले. व्हाइसरॉय मध्ये पडले, प्रकरण सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांच्याकडे गेलं, निवाडा पटेलांच्या बाजूने लागला. जिंकले! आणि दीड महिन्याने गांधींनी तो निवाडा आपण होऊन सोडून दिला. आपल्या उपोषणात बळजबरीचा अंश होता, ठाकोरांचं मन बदलण्याऐवजी आपण व्हाइसरॉयकडून दाब आणवला, असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं. येरवड्याच्या 1932 च्या उपोषणाबद्दल आंबेडकरांचा आक्षेप याच जातीचा होता आणि तो त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. उपोषण आणि त्रागा यांतली रेघ इतकी बारीक आहे की ती आखणाऱ्यालाही जिंकल्यानंतर दिसली. तुझ्या बाबांना ती भाजीतल्या मिठावरून दिसावी अशी अपेक्षा मी करत नाही.

आता घरातलं. दादा हे शिकला कुठे? तुझ्या आजीकडे. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

मी मॅट्रिक झाले तेव्हा आप्पा म्हणाले, पुरे. मुलीची जात, स्थळं बघायला लागू. आईने एकदा विनवलं, दोनदा विनवलं. तिच्याकडे काय होतं? घराचे पैसे आप्पांच्या हातात, माहेर लांब कोकणात, बोलायला गेली तर ‘तुला काय कळतं’. तिसऱ्या वेळी ती काही बोलली नाही. सगळ्यांना वाढलं, स्वतःचं ताट घेतलं नाही, आणि ओटा पुसायला लागली. दुसऱ्या दिवशी तेच. स्वयंपाकात कमी नाही, चेहऱ्यावर काही नाही, फक्त ताट नाही. आप्पा ओरडले, मग गप्प झाले, मग माझ्याशी बोलायचं बंद केलं, आणि शेवटी एका सकाळी चप्पल घालून स्वतःच कॉलेजचा फॉर्म घेऊन आले. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “सांग तुझ्या आईला, जेव म्हणावं.” ती माझी कट्यार, आईने स्वतःवर चालवलेली. माझी सगळी नोकरी, पेन्शन, हे घर, सगळं त्या न घेतलेल्या ताटांवर उभं आहे. म्हणून त्राग्याला सरसकट नावं ठेवताना माझी जीभ अडखळते.

दादा नावालाच दादा, तेव्हा दहा-बारा वर्षांचा. त्याने काय पाहिलं? आईला दुसरा इलाज नव्हता हे त्याला दिसलं नाही. त्याला दिसलं की न जेवलं की लोक ऐकतात. त्याने पद्धत घेतली, कारण सोडून दिलं. आईकडे घरात काही नव्हतं म्हणून तिने ते केलं. दादाकडे सगळं आहे, घर त्याचं, पगार त्याचा, शब्द शेवटचा त्याचा, आणि तरीही तो करतो. ज्याच्या हातात दोर आहे त्याने स्वतःला बांधून घेऊन ‘मला सोडवा’ म्हणायचं, हा प्रकार मला सहन होत नाही. त्याचा राग मी सोसेन, राग हा त्याचा हक्क आहे. पण भाटाला जामीन राहण्यासाठी कुणीतरी वचन दिलेलं असावं लागतं. वहिनीने हळदीकुंकवाहून सातच्या आत परत येण्याचं वचन कुणाला दिलं होतं?

आणि तुझं काय, तर हे बघ. मागच्या महिन्यात फोनवर मी तुला स्थळाबद्दल बोलले तेव्हा तू कडाडलीस, “आत्या, पुन्हा हा विषय काढलास तर मी फोन ठेवीन.” आणि ठेवलासही! माझ्या कानात नुसती शिट्टी वाजत राहिली. मग अर्ध्या तासाने तुझा मेसेज: पुरणात जायफळ किती घालायचं? मुली, हा ताप आहे. चढला, उतरला. तू ओरडतेस, समोरच्यावर ओरडतेस, आणि जे हवं नको ते तोंडाने सांगतेस. स्वतःची वाट लावून दुसऱ्याला दोष देणं तुला जमत नाही. बाबांचं नाक तुझ्याकडे आलंय, नाकावरचा रागही थोडा आलाय, पण त्रागा आला नाही. तो रक्तातून येतही नाही, पाहून उचलतात. आणि तू पाहिलंस ते वहिनीच्या बाजूने उभं राहून.

वहिनीला मात्र आता मी समजावायला घेतलंय. इतकी वर्षं ती पाया पडत आली. परवा दादाने पुन्हा जेवणावर बहिष्कार घातला, तर तिने शांतपणे त्याचं ताट झाकून ठेवलं आणि मालिका बघत बसली. तो तीनदा स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याला. चौथ्यांदा गेला तेव्हा भांड्यांचा आवाज आला. ती उठली नाही. मला फोनवर सांगताना तिला हसू आवरत नव्हतं, आणि मध्येच थोडं रडूही आलं. इतक्या वर्षांची सवय आहे तिची.

आता मुद्द्याची गोष्ट. तू बडोद्यातली नोकरी पक्की केलीस आणि दांडिया बाजारात खोली घेतलीस हे कळल्यापासून दादाने जाहीर केलंय की तो ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणार नाही. “कुणासाठी जगायचं?” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो. दूधवाल्यालासुद्धा विचारलंन. तू हे ऐकून रात्रीच्या गाडीचं तिकीट काढायला निघाली होतीस असं वहिनी म्हणाली. काढू नकोस. रजा वाया घालवू नकोस, दिवाळीला ये आणि चांगली आठवडाभर राहा.

गोळ्यांची काळजी मलाही होती, ती थट्टेची गोष्ट नाही. म्हणून मी वहिनीला सांगितलं की बोलू काही नकोस, फक्त रोज रात्री कपाटातलं पाकीट बघ. तिने बघितलं. पाकिटातली गोळी रोज एक कमी होते. सकाळी सगळे आंघोळीच्या गडबडीत असताना तो घेतो, आणि रिकामं झालेलं पाकीट कचऱ्यात न टाकता शर्टाच्या खिशात लपवतो. धुवायला टाकलेल्या शर्टात तिला एक सापडलंही. तरी खात्रीसाठी मी गुरुवारी जाऊन त्याचं प्रेशर मोजवून घेणार आहे, आमच्या डॉक्टरबाई घरी येणारच आहेत माझ्या गुडघ्यासाठी, त्यांना दादाकडेही नेते. तुला आकडा कळवीन.

तू रविवारी नेहमीसारखा फोन कर. गोळ्यांबद्दल एक अक्षर काढू नकोस, आपल्याला कळलंय असंही दाखवू नकोस. मॅचचं विचार, त्याच्या कुंडीतल्या गुलाबाचं विचार, आणि बडोद्याचा लिलो चिवडा त्याला फार आवडतो, तो पाठव पाव किलो.

तुझी,
आत्या